रबाळे, गेट नंबर दोन

जर्मनीहून आलेला डीटर
कँटीनमध्ये मिसळ खाता खाता म्हणाला,
तिकडे कंपनीच्या बोर्डावर कामगारही बसतो,
मालकाच्या शेजारी.

दुभाषी पोरीनं ते मराठीत आणलं
आणि घरतमामांचा पाव तर्रीतच राहिला.
ब्याण्णव साली त्यांनीही एक बोर्ड लावला होता,
युनियनचा, पत्र्याचा, गेटाबाहेर,
रंग ओला असतानाच तिघं सस्पेंड.
आता त्यावर पीजीची जाहिरात.

"बोर्डावर बसतो?" मामांनी पुन्हा विचारून घेतलं.
"आमच्या बोर्डावर कावळा बसतो."
पोरगी हसली. भाषांतर केलं नाही.

डीटर खिडकीबाहेर बघत होता:
पिवळ्या कार्डवाले,
कंपाउंडच्या सावलीत डबे उघडून.
ते कुणाचे, त्यानं विचारलं.
हे मात्र तिनं लगेच मराठीत आणलं.

आम्ही परमनंट लोक
मिसळ ढवळत राहिलो.