पिकअप

सावळेश्वरचा टोल भरला,
तिसरा, चौथा, पाचवा पडला,
काटा ऐंशीवर.
मागं चौदाशे टॉवेल, पुण्याच्या लॉजचे,
पांढरे, कोपऱ्यात लॉजचं नाव निळ्या धाग्यात.

आणि पुलाच्या चढावर
पाय खाली गेला
पण खाली काहीच नव्हतं.

इंजिन बंद पडलं नाही, हे आधीच सांगते,
कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं.
इंजिन चालू होतं. आवाजही होता.
फक्त त्या आवाजाचं
चाकांशी देणंघेणं उरलं नव्हतं.

सत्तर. पंचावन्न. चाळीस.
आरशात ट्रेलर वाढत गेला,
आधी काच, मग काचेवरचे लिंबू-मिरच्या,
मग नुसती जाळी.
मी श्वास रोखून गाडी डावीकडे घेतली
असं लिहिणार होते. खरं म्हणजे मी
मोठ्यानं शिव्या देत होते, तेलुगूत,
आईला येत होत्या तेवढ्या सगळ्या.

पांढऱ्या रेघेच्या पलीकडे थांबले.
एप्रिल. अडीच वाजलेले.
प्रत्येक कंटेनर जाताना गाडी हलायची,
गठ्ठे हलायचे, मी हलायचे.

हेल्पलाइनवर एक पोरगा.
गाडी कोणती? – पिकअप.
प्रॉब्लेम काय? – पिकअप नाही.
मॅडम, पिकअप आहे की नाही?
मी फोन ठेवला.

मग दुसरा नंबर. तो लावायचा नव्हता.
नरसप्पा कोडम, पाच वर्षं हीच गाडी चालवली,
आता पाकणीला टँकरवर.
जानेवारीपासून म्हणत होता,
"अक्का, चढाला गाडी शिट्टी मारते."
मी म्हटलं होतं, मारू दे,
तू मारू नकोस म्हणजे झालं.
कारखान्यात सगळे हसले होते. तोही, थोडा.

त्यानं एवढंच विचारलं :
"शिट्टी आधी आली होती का?"
आली होती. बाळ्यापासून. मी गाणं मोठं केलं होतं.

"बॉनेट उघडा. हात नका लावू, भाजल.
वीस मिनिटं बसा.
मग डावीकडं काळा जाड पाइप,
तोंडातून निसटला असंल."

बसले.
मागावर आडवा धागा तुटला
की माग आपोआप थांबतो.
खटक. शांत. तुटलं ते तुटलं, लगेच कळतं.
एवढं शहाणपण लाकडा-लोखंडाला आहे.

गठ्ठा फोडला, एक टॉवेल काढला,
पाइप धरून तोंडावर बसवला,
पट्टीचा स्क्रू आवळला
मागाच्याच पेचकसानं.
हाताला जमलं. हात गाठी मारून पिकलेले.

"आता रेस करा," तो म्हणाला. फोन चालूच होता.
केली. गाडीनं घेतलं.
त्यानं पलीकडून ऐकलं, "हां," म्हणाला.
दोन पगार राहिलेत माझ्याकडे त्याचे,
फेब्रुवारी, मार्च.
त्यानं ते काढलं नाही.
मी काढणार होते,
पण मागून एसटी गेली आणि म्हटलं,
ऐकू येणार नाही.

पुण्यात लॉजवाल्यानं दोनदा मोजले.
एक कमी आहे, म्हणाला.
तो माझ्या शेजारच्या सीटवर होता,
काळा, अजून कोमट,
नरसप्पा ज्या बाजूला डबा ठेवायचा तिथं.
कमी आहे, मी म्हटलं. लिहून घ्या.

येताना गाणं लावलं नाही.
प्रत्येक चढाला कान देऊन.