अठरा अंश

सावद्याच्या रायपनिंग चेंबरात
बावीस वर्षं मी केळीला झोपवतो, उठवतो.
तेरा अंशाला ती झोपते,
अठराला कूस बदलते, पिवळी पडते.
बाहेर मे महिना सत्तेचाळिसावर ठाण मांडून,
पत्र्यावरचा पापड उलटायच्या आत वाळतो.

पेटी करायची ठरवली तेव्हा
आकडा शोधावा लागला नाही.
जवाच्या गोड पाण्यात यीस्ट पडलं
की त्यालाही अठराच लागतात.
त्याहून वर गेलं तर बिअरला
नेलपॉलिशचा वास येतो म्हणे.

चेंबर नंबर तीनचं दार बदललं.
जुन्या दाराचा पफ भंगारात निघाला, किलोवर घेतला,
लीलाधर भारंबेच्या छोटा हत्तीत
चादरीखाली झाकून आणला,
जणू चोरीची नवरी.

करवत लावली तसा पिवळा भुगा उडाला,
ओट्यावर, तुळशीवर,
कुमुदने वाळत घातलेल्या कुरडयांवर.
ती काही बोलली नाही.
वाईट तेच.

दोन खण. एकात वीस लिटरचा जार,
दुसऱ्यात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या,
मधल्या भोकात मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा.
झाकणाच्या कडेला सायकलची ट्यूब उभी चिरून चिकटवली.
लोक म्हणतात, फटीतून गारवा जातो.
गारवा कुठे जात नाही.
ऊन आत येतं.
बावीस वर्षांत मी एवढंच शिकलो.

थर्मोस्टॅट फैजपूरच्या अंडी उबवणाऱ्याकडचा.
तिकडे तो म्हणायचा, गार झालं, ऊब दे.
त्याच्या पोटातली एक खूण मी फिरवली.
आता म्हणतो, तापलं, वारा घाल.

"हे काय करू राह्यला रे भो?"
भिंतीवरून कडू नेहेतेचं डोकं.
"आंबील," म्हणालो.
तसं खोटंही नाही.

कुमुदला म्हटलं, तुझा गहू तीन दिवस आंबतो,
त्या वासाने मी कधी नाक मुरडलं?
माझा जव चौदा दिवस.
ती म्हणाली, "माझ्या गव्हाची कुरडई होते.
तुमच्या जवाचं काय होतं ते फौजदार सांगेल."
फ्रीजरची वाटणी तरी झाली.
चार बाटल्यांची जागा मला,
बाकी सगळं राज्य तिच्या आमरसाच्या डब्यांचं.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली.
यीस्ट नुसतं खात नाही, खाता खाता तापतं.
केळीचंही तसंच, पिकणारा प्रत्येक घड
आतून मंद शेगडी असतो.
थंडी बाहेरच्या उन्हासाठी लागते
त्याहून जास्त आतल्यासाठी.

दुसऱ्या रात्री लाइट गेली. अख्ख्या गावाची.
मी चेंबरवर, जनरेटरवाल्याला शिव्या घालून उठवतोय,
अंधारात चाळीस टन केळी धुमसतेय.
घरी वीस लिटर.
आधी कोणाकडे धावायचं
ते पगार ठरवतो.
घरी फोन केला नाही.
कोणत्या तोंडाने करणार?

पहाटे आलो तर पेटीवर ओली गोधडी.
माझ्या चार बाटल्या ओसरीत, पाणी पाणी झालेल्या.
झाकण उचललं.
बाटल्यांच्या खणात
आमरसाचे डबे, सातच्या सात,
कडेचे विरघळलेले, मधले अजून दगड.
जारातली सलाईनची नळी पाण्यात बुडबुडत होती,
एक बुडबुडा, मग विचार, मग दुसरा.
काटा साडेएकोणिसावर.

कुमुद चहा गाळत होती. पाठमोरीच म्हणाली,
"दोन वाजता हात लावून पाहिला.
अंगात ताप होता त्याच्या."

मग कप पुढे सरकवत,
"रस आता आजच संपवावा लागेल.
भारंबेला बोलवा, कडूभाऊंना पण.
आणि त्यांच्यासमोर
ती पेटी उघडू नका."