तेरा नोटा

दस्तगीर नदाफनं गादी उसवली,
हात आत घातला आणि थांबला.
"ताई, कापसाला एवढी कडक गाठ नसते."

दुधाची पिशवी. आतून धुतलेली, वाळवलेली.
रबर हात लावताच तुटलं, शेवेसारखं.
पाचशेच्या नोटा, जुन्या,
त्या पिवळट राखी, ज्या दुकानदार
उजेडाकडे धरून आपल्याकडे बघायचे.
मागच्या बाजूला काठी टेकत निघालेली ती अकरा माणसं
इतकी वर्षं कापसातून चालत होती
समुद्र न लागता.

दस्तगीरनं पेपर पसरला, एकेक मोजून ठेवली
मोठ्यानं, कन्नमवार नगरच्या चारही गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशी.
"तेरा. आपल्यावर बालंट नको."
बालंट कसलं, चाचा,
यात कटिंग येत नाही आता.

सोबत एक चिठ्ठी, लिफ्टच्या तपासणीवहीतलं पान.
आप्पा फोर्टात लिफ्ट चालवायचे.
*वासंतीच्या बांगड्या, दोन. सात हजार.*
खाली 'व्याज', आणि पुढे कोरं.
कोपऱ्यात १४. ते खोडून १३.
पुढे एक प्रश्नचिन्ह, पेन टेकवून ठेवल्यासारखं जाड.

प्रत्येक लग्नात आई सांगायची, "लॉकरमध्ये आहेत."
आमचं लॉकर नव्हतं.
मला वाटायचं, मोठी माणसं असं म्हणतात,
जसं "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणतात.

त्या नोव्हेंबरात आप्पा पहाटे चारला रांगेत जायचे
सिक्वेराबाईंची जागा धरायला, त्यांचे गुडघे गेलेले.
मग पेडणेकरांची. मग त्या नव्या भाडेकरूची,
ज्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही.
"तुमच्या काही आहेत का?" आईनं विचारलं होतं, लाटता लाटता.
"माझ्याकडं कुठनं येणार?"
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले,
याच गादीवर.

दस्तगीरचं मशीन सुरू झालं. अंगण पांढरं.
नाकातोंडात आमचाच जुना कापूस.
अभ्रा शिवायच्या आधी त्यानं विचारलं,
"परत आत घालू?
दहाच्या वर ठेवल्या तर गुन्हा, असं ऐकलं होतं बाबा कुणाकडून तरी."
"मग दहा घाला," मी म्हणाले.
एक त्याच्या नातवाला, बघायला.
दोन माझ्या मुठीत.
त्याच्या हातगाडीवरच्या डब्यातली बाई
गल्लीभर ओरडली: नऊशे रुपये मिळाले.

वर आई गॅलरीच्या कठड्याला टेकून,
मनगटात प्लास्टिकच्या, हिरव्या.
"केवढ्याला पडली?"
"नऊशे."
"फार घेतले."

गादी पलंगावर टाकली. तिनं तळवा फिरवला,
उशाकडून पायथ्याकडे, सावकाश,
मधे एका जागी जरा थांबून.
मग चादरीचं टोक माझ्याकडे फेकलं.
"तेराच निघणार होत्या," ती म्हणाली.
"एक तुझ्या बारावीच्या फॉर्मला गेली.
धर नीट. तिकडनं ओढ."