चव्वेचाळिसावं पान

मार्चअखेर मुंजाजी येतात,
पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात, विड्यांच्या बंडलाला चिकटून.
म्हणतात, नसीमाताई, मागच्याच फायलीत साल बदला,
बाकी निघतील तशा दुरुस्त्या करू.

मी साल बदलते.
नगरपरिषदेचं वर्ष माझ्या एका बोटानं उलटतं.

पान तीन. लोकसंख्या: दोन हजार अकराच्या जनगणनेनुसार.
हा आकडा मी बारा वर्षं हलवलेला नाही.
माझी अरीबा त्यानंतरची.
आठवीत आहे, माझी चप्पल तिला बसते,
पण अहवालात अजून जन्मायची आहे.
तिच्या वर्गातली सगळी पोरं तशीच,
ती ज्या नळाला तोंड लावतात
तो नळ मात्र मोजलेला आहे.

पान नऊ. पाणीपुरवठा.
गेल्या साली होतं, बारा दिवसांआड.
औंदा नऊ.
मुंजाजी म्हणाले, 'सुधारणा' ठळक करा.
केलं ठळक.
हसू नका, आहेच सुधारणा.
तीन दिवस म्हणजे किती, ते
ज्याच्या घरी टाकी नाही त्याला विचारा.

अभ्यासिका: खुर्च्या चाळीस, पंखे सहा.
रात्री दहाला दिवे घालवू नका
असा पोरींनी केलेला अर्ज अहवालात नाही.
तो मीच टाइप केला होता, फुकट.

मोंढ्यात महिलांसाठी स्वच्छतागृह: प्रगतीपथावर.
चार वर्षं चालतंय बिचारं त्या पथावर.
सुभद्राबाई लोंढे मेथीच्या जुड्या मांडून बसते,
पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नाही.
मी तिथे एक उद्गारचिन्ह टाकलं.
मग काढलं.

पान एकतीस. प्रभाग सात, नाल्यावरचा पूल.
'प्रस्तावित' इतक्यांदा टाइप केलंय
की डोळे मिटूनही बोटं तिकडंच जातात.
मुंजाजी म्हणाले, 'थांबा. ते काढा. झालाय की पूल.'
'कधी?'
'संक्रांतीला. सायबांच्या तारखा जुळंनात,
फीत राहून गेली.'

शटर अर्धं ओढलं, गेले बघायला.
बावीस पावलं. मोजली मी.
कठड्याला रंग नाही, कोनशिला कोरी,
तिच्यावर कोळशानं कुणाच्या तरी मॅचचा स्कोर.
दूधवाला सायकलवरून न उतरता निघून गेला.
पलीकडून माझीच लेक आली, दप्तरासकट.
म्हणाली, 'अम्मी, तुला आज कळलं?'

परत येऊन 'पूर्ण' टाइप केलं.
चार अक्षरं गेली, दोन आली,
ओळ आखूड झाली. राहू दिली.

पुढच्या वर्षीचे संकल्प नेहमीसारखे लांब:
बाग, बाकडी, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त,
कब्रस्तानाला आणि स्मशानभूमीला भिंत, एकाच निविदेत.
'एका ओळीत बसतंय का बघा,' मुंजाजी म्हणाले.
बसलं.

मजकूर त्रेचाळीस पानांत संपतो,
पुस्तिका दुमडते चारच्या पटीत.
एक पान दरसाल उरतं. त्यावर मी
'टिपणांसाठी' एवढंच छापते.

स्टँडसमोर अय्युबच्या हॉटेलात
गेल्या सालचा अहवाल खिळ्याला टांगलाय.
बाकीची पानं अजून करकरीत,
हे एकच काळं झालेलं:
कुणाचे किती चहा,
जारवाल्याचा नंबर,
टँकर सोमवारी, नक्की नाही,
बी पॉझिटिव्ह रक्त पाहिजे, रेवणकडे निरोप द्या,
डबलरोटी संपली,
अन् तळाशी लहान हातानं काढलेलं एक घर,
घराहून मोठा नळ.

मुंजाजींना म्हटलं, औंदा मागं चार पानं
कोरीच वाढवू का?
ते बराच वेळ गप्प बसले.
'त्याला ठराव लागतो,' म्हणाले,
अन् पेनड्राइव्ह माझ्या टेबलावरच विसरून गेले.