तीन बाटल्या, वादी कबीर

वादी कबीरला सकाळी सातलाच
पत्रा तापून कुरकुरायला लागतो.
कुंजुमोनने काउंटरवर तीन बाटल्या मांडल्या,
म्हणाला, धाकू, तूच ठरव
दुकानात यातली कुठली ठेवायची.

पहिली निळी, झाकणावर सिंहाचं तोंड,
एक रियाल दोनशे बैसा.
हुंगली, तर सरळसरळ रॉकेल.
शिरगावच्या आमच्या स्टोव्हची आठवण आली,
दुसरं काही नाही.

दुसरी काळी, बुटकी, चार रियालला.
भिंगातून वाचावं लागेल इतकं बारीक:
पॉलिइथर अमाइन.
वास खारवलेल्या बांगड्याच्या वाटेवरचा.
म्हटलं, हिच्यात काहीतरी आहे खरं.

तिसरीवर सोनेरी अक्षरांत सात फायदे,
पाचवा असा की इंजिन पुन्हा तरुण होतं.
तरुण!
मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

गाड्या तीन, पांढऱ्या, नारिंगी पट्ट्याच्या,
एकाच साच्यातल्या, एकाच दुखण्याच्या:
सिग्नलला उभ्या राहिल्या
की अंगात आल्यागत थरथरायच्या.
इंजेक्टर काढून काचेच्या नळ्यांवर लावले.
हवं होतं धुकं,
मिळाली पिचकारी.
केसाएवढी भोकं, त्यांत डांबरासारखा राप,
तीन लाख किलोमीटरचा.

वहीत रकाने आखले.
सालेमला निळी, खल्फानला काळी,
म्हाताऱ्या नासिरला सोनेरी.
शफीउलला सांगितलं, टाकी भरायच्या आधी ओत,
मग पेट्रोल, मग तीन आठवडे
कुणी बोनेट उघडायचं नाही.

तीन आठवड्यांनी
सालेम म्हणाला, अव्वल! गाडी पळते!
नळीवर पिचकारी जशीच्या तशी.
त्याच्या रकान्यात लिहिलं: मनाचं समाधान.
खल्फानची गळती निम्म्यावर आली,
फक्त दोन नंबरचा इंजेक्टर रुसलेलाच.
आणि नासिर...
चारही नळ्यांत धुकं,
पहाटेच्या खाडीवर असतं तसं,
बोट घातलं तर ओलं होईल न होईल असं.
कुंजुमोनने तिथंच फोन लावला,
सोनेरीचे चाळीस खोके.

चहाच्या वेळी शफीउल कान खाजवत आला.
वस्ताद, एक गलती.
मागच्या रॅकवर, फॅनबेल्टच्या आड,
सोनेरी बाटली. सील शाबूत.

आमच्याकडे म्हणतात
रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
इथं तर पखालीलाही नाही दिलं
आणि म्हैस बरी.

नासिरला विचारलं, या तीन आठवड्यांत केलंस काय?
तो खजुराची बी थुंकून म्हणाला,
मुलगी निझवाच्या इस्पितळात होती, बाळंतपण अवघड.
बारा दिवस रोज वर, रोज खाली.
फंजाचा चढ तिसऱ्या गिअरात,
एसी बंद, काचा खाली,
पाय पार तळाला.
इंजिन ओरडत होतं.
मीही.

म्हणजे वर्षानुवर्षं रुवीच्या गर्दीत
रांगत साठलेलं
त्यानं बारा दिवसांत जाळून टाकलं होतं.
तिसऱ्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
नासिर हलव्याचा डबा ठेवून गेला,
झाकणाला चिकटलेलं केशर शफीउलने बोटाने पुसून खाल्लं.
मी लिहिलं: नात झाली.

आता चाळीस खोके छतापर्यंत रचलेत.
गिऱ्हाईक विचारतं, कुठली चांगली?
मी विचारतो, तुमच्या वाटेत चढ आहे का?
कुंजुमोन माझ्याकडे असा बघतो
जणू मी गल्ल्यात हात घातलाय.
खरं सांगायचं तर काळी देतो मी,
चढ नसलेल्यांना.

मी स्वतः अकरा वर्षं
गाडी चालवतो ती रॅम्पपासून फाटकापर्यंत,
पहिल्या गिअरात.

काल शुक्रवारी नासिर म्हणाला, चल, बाळ बघायला.
फंजाचा चढ लागला तसा एसी बंद केला,
काचा खाली केल्या, गरम वारा तोंडावर,
पाय तळाला.
ऐक, म्हणाला, ऐक.

ऐकलं.
इंजिन एका सुरात.
पण मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग
फार तर महिनाभर टिकेल.
आत्ता सांगावं, की उतारावर.