काच नको

खडे बाजारच्या बोळात माझं दुकान.
देव, लग्नं आणि वारलेले,
एवढ्याच मापांच्या चौकटी मला पाठ.

चौऱ्याऐंशी साली हलगेकर बाई आल्या,
सायकलच्या कॅरिअरला ओला कॅनव्हास बांधून.
म्हणाल्या, काच नको.
नफा सगळा काचेत. मी म्हटलं, धूळ बसंल की बाई.
बसू दे. काचेत तुझं दुकान दिसतंय.

कन्याशाळेत चित्रकला, आठवड्याला दोन तास,
परीक्षा आली की तेही गणिताला.
पहाट मात्र मार्कंडेयच्या काठाला.
कंग्राळीच्या शिवारात बायका बटाटे काढायच्या
आणि या बांधावर, वडिलांचा जुना कोट घालून,
धुकं उठायच्या आत रंग फासायच्या.
पोरं विचारायची, काय करूलाय बाई?
घाई, म्हणायच्या.

जवळून बघितलं तर नुसते डाग.
एकदा मी चित्र उलटंच बसवलं चौकटीत.
रागावल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, आभाळ बरं जमलंय की खालचं.
सावलीत काळा रंग शोधून सापडायचा नाही.
"काळी नसतीय रे सावली.
जांभूळ खाल्लेली जीभ बघ आरशात."
मी बघितली. दुकान बंद करून.

मुंबईनं कळवलं, तुम्ही कर्नाटकच्या.
बेंगळूरनं विचारलं, शिफारस कुणाची?
दोन्ही पत्रं चित्राच्या पाठीला लावून घेतली,
त्या दिवशी पुठ्ठा कमी पडला होता.

पाट्यांना डांबर फासायचे दिवस ते.
नाव कुठल्या भाषेत घालू, मी भीत भीत विचारलं.
त्यांनी पेन्सिलनं लिहिलं: ६.४०.
दुसऱ्यावर: ६.५५.
शेत तेच, बांध तोच.

उभ्या जन्मात विकली अकरा.
त्यातली दोन निपाणीच्या तंबाखूवाल्याला,
त्याला सोफ्याला जुळणारं हवं होतं.
बाकीची माझ्या माळ्यावर.
भाडं, दर दिवाळीला एक पायली बासमती.

परवा भाचा आला. फोटो, बारा बाय पंधरा.
खाली छापलेलं: कुमुदिनी परशराम हलगेकर.
काच चांगली टाका, म्हणाला.
टाकली.
पुसायला घेतो तर बाईंच्या कपाळावर
समोरचं बांगड्यांचं दुकान, वळणारी रिक्षा,
गल्लीत तिरकं आलेलं ऊन.
फडकं हातात तसंच.

भाचा पैसे मोजत होता.
मी फोटो पालथा केला,
पुठ्ठ्यावर पेन्सिलनं घातलं:
५.३५.