अकरा तारल्या

फॉर्मवर रकाना होता : कुटुंबप्रमुखाशी नाते.
पत्नी, मुलगा, सून, इतर.
तळाशीलच्या वाळूत सकाळी साडेसहाला
मी तो रकाना भरायला गेलो
आणि घरात कोणी सापडेना.

सगळे रापणीवर होते.
अर्धी वाडी उत्तरेच्या दोराला, अर्धी दक्षिणेच्या,
मधे समुद्र, आणि समुद्रात त्यांचं ते एकच जाळं.
एक कसलं, चाळीस घरांची चाळीस जाळी
कडेला कड शिवलेली;
मेथरांचं विटकं, कुबलांचं नवं निळं नायलॉनचं,
पास्कू फर्नांडिसचं, हसन दालदीचं.
कुठली शिवण कुणाची
हे माशाला कळायचं कारण नव्हतं.

फाइल होडीत ठेवली. बघायला म्हणून दोर धरला.
ओला असतो तो, जड असतो,
आणि एकदा धरला की सोडायला लाज वाटते.
माझ्या पुढे रघू धुरी, मागे त्याचा सख्खा चुलतभाऊ.
एका गडग्यावरून दोघांचा नऊ वर्षं
मालवणच्या कोर्टात दावा.
बोलत नाहीत. एकाच्या मर्तिकाला दुसरा गेला नाही.
पाय मात्र एकदम मागे पडत होते.

जिवबा तांडेल, सत्तरीचा, एक डोळा पाण्यावर,
दोन माणसांमधला दोर बोटाने दाबत फिरत होता.
एका पोराशी थांबला.
बोलला नाही, नुसता हसला.
"कालव!" मागून कोणी म्हणालं,
दगडाला नुसतंच चिकटलेलं,
आणि सगळा दोर हसला.
त्या पोराच्या लग्नपत्रिकेतही आता हेच नाव छापतील.

नवाला पिशवी वाळूवर आली.
तारली, थोडा बांगडा, एक वाट चुकलेली मोरी.
वाटे पडले. होडीचा, जाळ्यांचा, हातांचा,
देवाचा,
आषाढात गेलेल्या शांतारामच्या बायकोचा,
बांबोळीच्या इस्पितळात पडून असलेल्या लुईसचा.
मांजरांचा कोणी मांडला नाही, त्यांनी घेतला.
आणि शेवटी माझ्या चपलांपुढे
अकरा तारल्या.

अहो, मी इथला नाही, म्हटलं.
"दोराक हात लायलंस?"
लावला.
"मगे वाटो घे."
आणि मी घेतल्यावर,
ओंजळ भरल्यावर,
जो प्रश्न सगळीकडे आधी विचारतात तो :
"कोणाचो तू?"

वर सड्यावर, कातळात, कोणी, कधी, ठाऊक नाही,
मासा कोरलाय. दुपारी जाऊन मोजला,
पंधरा पावलं.
एका घराला संपणारा नव्हे.
कोरताना कुणीतरी पलीकडच्या टेकाडाला हाक दिली असणार
आणि पलीकडचा आला असणार,
चार पावलं येत, दोन मागे जात,
हातात दगड,
भलत्याच कामासाठी आणलेला.

संध्याकाळी लॉजवर फॉर्म पुरे केले. बेचाळीस कुटुंबं.
'इतर'पुढे जागा दोन बोटं.
तारल्या मालकिणीने तळून दिल्या.
आचऱ्याहून आणणारा रिक्षावाला थांबला होता,
त्यालाही बसवलं.
पाच त्याला, सहा मला.
हात मी लावला होता, असा हिशेब केला.

ती अकरावी
रात्रभर घशाशी.